मळीची माती राखायची तर: कृष्णाकाठच्या रानात पूर, गाळ आणि झाडांचा मेळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची. पाणी उतरल्यावर मळीत, म्हणजे नदीकाठच्या पुरात बुडणाऱ्या रानात, गेलो तर ऊस उभाच होता, पण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ बसलेला. पोंगा धरून ओढला की अलगद हातात यायचा, कुजका वास यायचा. बांधावरच्या रामकाठी बाभळीवर पुरानं आडवी रेघ मारून ठेवली होती, माझ्या डोक्याच्या दोन हात वर. रेघेच्या वर झाड हिरवंगार. बाभळीच्या पाठीमागं, प्रवाहाच्या आडोशाला, वीतभर पोयटा, म्हणजे बारीक गाळाची माती, साचला होता. तिथून दहा पावलांवर बांध उघडा होता, आणि तिथली काळी माती खरवडून जाऊन खालची चुनखडीची पांढरट माती वर आली होती.

तेव्हापासून मळीत झाडं लावायचं मनावर घेतलं. चुका पुष्कळ केल्या, त्याही सांगतो. हे सगळं कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीचं आहे. वारणा, पंचगंगा, भीमेच्या काठाला बरंचसं लागू पडेल. कोकणातल्या नद्यांचं गणित निराळं. तिथला पूर काही तासांत उतरतो, आपल्याकडे पाणी आठ-दहा दिवस रानात बसून राहतं.

गाळात काय असतं आणि काय नसतं

‘पूर आला की रान खतावतं’ असं जुनी माणसं म्हणायची. ते अर्धं खरं आहे. कृष्णा, कोयना, वारणा या सगळ्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवरून उतरतात. त्या दगडाच्या झिजेतून आलेल्या मातीत पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. नत्र मात्र नसतं; दगडात ते येणार कुठून? उलट पाणी आठवडाभर साचलं की जमिनीतली हवा संपते, आणि हवेविना जगणारे जीवाणू होतं ते नायट्रेट वायू करून उडवून देतात. म्हणून पुरानंतरचं पहिलं पीक पिवळं पडतं आणि माणूस म्हणतो, एवढा गाळ आला तरी असं का?

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पिकांच्या मुळांवर एक उपकारी बुरशी राहते, मायकोरायझा. ती मुळांना स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते. रान बराच काळ पाण्याखाली आणि पिकाविना राहिलं की ती कमी होते. मग माती परीक्षणात स्फुरद दिसतो, पण पानं जांभळट पडतात.

पूर म्हणजे सुपीकता, असं सरळ समीकरण जगात कुठंच नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अँडीज पर्वताचा गाळ घेऊन येणाऱ्या गढूळ नद्यांचे काठ पिकाऊ आहेत, तर रिओ नेग्रोसारख्या काळ्या, गाळ नसलेल्या पाण्याच्या नदीचे काठ वर्षातले काही महिने बुडूनही निकस राहतात. पाणी कुठल्या डोंगरावरून येतं, यावर सगळं आहे. आपला डोंगर चांगला आहे. पण १९६० च्या दशकात कोयनेचं धरण झालं, पुढे वारणेवर, धोमला झाली, आणि डोंगरातला बराचसा गाळ तिथंच अडायला लागला. आता रानात येतो तो धरणाखालच्या शेतांचा, ढासळलेल्या काठांचा गाळ, आणि त्याबरोबर शहरांचं सांडपाणी, प्लॅस्टिक, गाजर गवताचं बी. आजोबांच्या वेळचा पोयटा आणि आजचा पोयटा यांत एवढा फरक धरूनच चालावं.

म्हणजे नदी खनिजं देते, नत्र आणि सेंद्रिय कर्ब आपल्याला झाडांकडून, द्विदल पिकांकडून मिळवावा लागतो. आणि आलेली माती धरून ठेवायचं कामही झाडाझुडपांचंच.

आधी रान वाचा

एक वही करा. पाणी कुठल्या बाजूनं रानात शिरतं, कुठून बाहेर पडतं, किती दिवस बसतं, किती उंच चढतं, एवढं लिहायचं. पाणी नदीकडूनच शिरतं असं नाही. बऱ्याच वेळा ते मागच्या ओढ्यातून उलटं फुगत येतं. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर दरवर्षी ऑइल पेंटनं खूण करून साल टाका. जुनी खूण नसेल तर झाडांच्या खोडांवरचे गाळाचे पट्टे आणि फांद्यांत अडकलेला पालापाचोळा बघा. जलसंपदा विभागाच्या नकाशात निळी आणि लाल पूररेषा असते. निळीचा हिशेब २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर धरतात, लालचा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्यावर. झाडं लावायला या रेषांची अडचण नाही, बांधकामाला आहे. पण आपलं रान कुठं येतं ते ठाऊक असावं.

यातून रानाचे तीन तुकडे पडतात. नदीला लागून उतरता काठ. मग जवळजवळ दरवर्षी पाणी बघणारी खालची मळी. आणि २००५, २०१९, २०२१ सारख्या सालीच बुडणारी वरची मळी. एका तुकड्यातलं झाड दुसऱ्यात जसंच्या तसं चालत नाही.

मातीचा पोत बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवा. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसलं तर ती चिकणमाती. ही परीक्षा नव्या गाळाची वेगळी आणि जुन्या मातीची वेगळी करा.

पाणी उतरल्यावरचे पहिले पंधरा दिवस

घाई इथंच होते. वर सुकलेलं दिसतं म्हणून ट्रॅक्टर घातला की खालची ओली माती दाबून विटेसारखी होते आणि पुढची दोन वर्षं मुळं तिथं अडतात. वीतभर खोल खणून मूठभर माती घ्या, दाबा, कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आला, म्हणजे जमीन मशागतीजोगी झाली. चपटा झाला तर घरी जा.

वाफशाची वाट बघताना करायची कामं आहेत. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यायची. प्लॅस्टिक, बाटल्या, काचा वेचायच्या. गाळात एकदा गाडल्या गेल्या की बैलाच्या खुरात नाहीतर आपल्या पायात निघतात. आणि कुळव लावायच्या आधी गाळाची जाडी टेप लावून, फोटो काढून पंचनामा करून घ्यायचा. आपत्ती निधीच्या निकषात शेतातला गाळ काढायला मदत मिळते ती थर ३ इंचांपेक्षा जास्त असेल तरच. रान एकदा नांगरलं की तो थर दाखवणार कसा?

मग गाळाचं काय करायचं, ते जाडीवर. चार बोटांपर्यंत असेल तर वाफशावर कुळवाच्या दोन पाळ्या पुरतात. वीतभर असेल तर नांगरून जुन्या मातीत मिसळायलाच हवा. नाही तर तो वाळून पापडासारखा सुटतो, खाली एक थर आणि वर एक थर राहतो आणि पाणी मधेच थांबतं. वीतभराहून जास्त, किंवा बाटलीत निव्वळ वाळू निघाली, तर उचलून बांधाला, खोलगट जागी लावा.

हे झाल्यावर मातीचे नमुने द्यायचे: वरच्या वीतभराचा एक, त्याखालच्या वीतभराचा एक. सामू (पीएच) ८.५ च्या वर निघाला, ऊन लागल्यावर पांढरा पापुद्रा दिसायला लागला, तर जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) किंवा क्षारपड होण्याकडे झुकते आहे. शिरोळ, वाळवा भागात हे दुखणं नवं नाही. जिप्सम टाकायचं की नाही ते तपासणी सांगेल, पण निचरा नसेल तर टाकलेलं जिप्सम पाण्यातच गेलं म्हणा.

पहिलं पीक हरभरा किंवा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. हरभऱ्याला पेरणीआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी) आणि १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं (मुळांच्या गाठीत नत्र धरणाऱ्या जीवाणूंचं) पाकीट चोळा. पुरानंतर या दोन गोष्टी चुकवू नयेत. युरियाची घाई नको.

झाडं मृगात लावू नका

आमची पहिली मोठी चूक ही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की झाड लावायचं, हे अंगात भिनलेलं. रोपवाटिकेतून फूटभर उंचीची हादग्याची, करंजाची रोपं आणली, मृगात लावली. जुलैअखेर पाणी आलं. मुळं धरायला सहा आठवडे मिळाले होते, झाड पाण्याखाली आठ दिवस. एकही राहिलं नाही. हादग्याच्या तर खड्ड्याच्या जागाही सापडल्या नाहीत.

खालच्या मळीत आणि काठावर लागण करायची ती पाणी उतरल्यावर, उत्तरा-हस्त नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जमिनीत ओल असते, पुढच्या पुरापर्यंत नऊ-दहा महिने मिळतात. उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल, पण नदीकाठी मोटार असतेच. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक डबा पुरे. रोपं दोन पावसाळे पाहिलेली, डोक्याएवढी घ्या. महाग पडतात, पण पानं पाण्याच्या वर राहिली तरच झाड श्वास घेतं. भारी जमिनीत खोल खड्डा केला तर तो पाण्याचा हौद होतो. त्यापेक्षा माती फोडून फूटभर उंचवटा करा आणि त्यावर लावा. आधाराची काठी पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूला रोवायची, म्हणजे वाहत आलेला कचरा आधी काठीला अडतो.

काठ

पुरात लव्हाळे वाचतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. मळीत त्याचा सरळ अर्थ असा, की पाण्याच्या कडेला वाकणारं लावायचं, ताठ उभं राहणारं मागं.

अगदी खाली लव्हाळा असेल तर त्याला हात लावू नका. त्याच्या वर वाळ्याच्या ओळी, फुटवे सहा-सहा इंचांवर, दोन ओळींत तीन फूट. वाळ्याची मुळं सरळ खाली, माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात आणि काठ शिवल्यासारखा धरतात. एकच पथ्य: मुळांना भाव मिळतो म्हणून काठावरचा वाळा खणायचा नाही.

त्याच्या मागं वाळुंज. नदीकाठी आपोआप येणारं हे झाड हल्ली पोरांना ओळखता येत नाही. त्याला रोप लागत नाही, फाटा लागतो. मनगटाएवढ्या जाडीचा, सहा फुटांचा फाटा कापायचा, खालचं टोक तिरकं. रात्रभर पाण्यात उभा ठेवायचा. सकाळी पहारीनं दोन फूट खोल भोक पाडून रोवायचा आणि भोवती माती टाचेनं घट्ट करायची. वरचं टोक वरच राहिलं पाहिजे. गड्यानं उलटे रोवलेले फाटे मी पाहिलेत. आठ-आठ फुटांवर एक. मधे निर्गुंडी भरा, शेरडं ती खात नाहीत.

काठाच्या माथ्यावर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. चारही झाडं पाणी सोसतात. करंज द्विदल आहे, क्षारही सोसतो, आणि त्याच्या पेंडीनं युरियातलं नत्र सावकाश सुटतं. बांबू लावायचा तर माथ्यापासून मागं, पंधरा फुटांवर बेट. कडेला लावला आणि खालची माती पाण्यानं पोखरली की अख्खं बेट काठाचा लचका घेऊन नदीत बसतं. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे त्याच्या तोडीची कटकट कमी झाली आहे.

निलगिरी नको. बेशरम तर मुळीच नको. कुंपणाला सोपी म्हणून लावतात, पुढच्या पुरात तिचे तुकडे सगळ्या काठाला रुजतात.

जागा किती जाते? समजा नदीला १३२ फूट तोंड आणि ६६० फूट लांबीचं रान आहे. म्हणजे बरोब्बर दोन एकर. काठाला ३३ फुटांचा पट्टा सोडला तर ४ गुंठे गेले. गुंठ्याला टनाचा उतारा धरला तर वर्षाला चार टन ऊस. एका पुरात कडेचा किती गुंठा ढासळतो ते वहीत लिहिलेलं असेल, त्याच्याशी ताडून बघा.

बांध

इथं जुन्या माणसांना मानलं पाहिजे. बांधावर त्यांनी रामकाठी बाभूळ ठेवली, पसरट नव्हे. रामकाठी झाडूसारखी सरळ वर जाते, सावली अरुंद पडते, पिकाला मारत नाही. औताला लाकूड मिळतं, शेरडांना शेंगा, मुळांवरच्या गाठींतून नत्र.

ओळी मात्र प्रवाहाच्या दिशेनं धरा. प्रवाहाला आडवी, दाट झाडांची भिंत केली तर कचरा अडून पाणी तुंबतं, आणि वाट फोडताना मागच्या बाजूला खड्डा करतं. आडवं घालायचं ते गवत. दर शंभर फुटांवर वाळ्याची एक ओळ पाण्याचा वेग मोडते, पाणी तिच्यावरून जातं, गाळ मागं राहतो.

वरच्या मळीच्या बांधाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) दोन-तीन फुटांवर लावा. खालच्या मळीत ते साचलेल्या पाण्यानं दगा देतं. तिथं शेवरी बरी. गिरिपुष्पाच्या टनभर ओल्या पाल्यात साधारण ७ किलो नत्र येतं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात पावणेएकवीस किलो. म्हणजे तीन टन पाला म्हणजे एक पोतं. मजुरीचा हिशेब मांडला तर युरिया स्वस्त पडेल, हे कबूल. पण युरियाबरोबर कर्ब येत नाही, आणि आपल्या जमिनीला भूक आहे ती त्याचीच.

पाला टाकायचा कधी, हे पूररानात फार महत्त्वाचं. मेमध्ये छाटून रानात अंथरला तर तो ऑगस्टात कर्नाटकात पोचतो. शेणखताचंही तेच. मोठी छाटणी ऑक्टोबरात आणि पुन्हा फेब्रुवारीत करायची, पाला लगेच मातीत मिसळायचा. मेमध्ये फक्त खोडाच्या खालच्या फांद्या, आठ-दहा फुटांपर्यंत, साफ करायच्या, म्हणजे पुरातला कचरा त्यांत लटकून झाड उपटणार नाही. तो पाला जनावरांना, नाहीतर पूररेषेबाहेरच्या खड्ड्यात. गिरिपुष्पाचा मात्र घोड्याला देऊ नये.

मधलं रान

खालच्या मळीत ऊस लावू नये असं माझं मत आहे. लावणारे लावतीलच. मी जूनमध्ये तिथं एकरी २० किलो धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरतो. पूर आला नाही तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताना गाडतो, रब्बीला नत्र तयार. पूर आला तर धैंचा पाण्यात तग धरतो आणि त्याच्या दाट काड्यांत गाळ बसतो. नंतर काड्या जून होतात, रोटाव्हेटरशिवाय मोडत नाहीत, एवढाच त्रास. ताग हलक्या, निचऱ्याच्या रानात उत्तम, पण साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. दोन्ही बिया एकत्र मिळतात म्हणून मिसळून पेरू नका.

पाणी उतरल्यावर खालच्या मळीत हरभरा, शाळू, वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याचं नाव आहे ते याच पोयट्यामुळं. वरच्या मळीत हळद असेल तर सरीच्या कडेनं पातळ एरंड ठेवा. कोवळ्या हळदीला सावली होते. झाडाला पिकाशी बांधून घ्यायची ही रीत बघायची असेल तर मिरजेच्या पूर्वेकडचे पानमळे बघून या. ते पूररानात नाहीत, पण शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा ही झाडंच तिथं वेलीचा आधार, सावली आणि खत, आणि दर उतरणीला वेल खाली घेऊन तिच्यावर नवी माती चढवतात. माती सतत घालत राहावी लागते, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेजारी

शेवटची अडचण झाडांची नाही, बांधाची आहे. रब्बीत सूर्य दक्षिणेला असतो, म्हणजे पूर्व-पश्चिम बांधावरच्या ओळीची सावली उत्तरेच्या रानात पडते. ते रान भावकीचं असलं तर काय होतं ते सांगायला नको. लावण्याआधी बोलून घ्या, आणि अशा बांधावर रामकाठीशिवाय उंच झाड लावू नका. मुळांची तक्रार आली तर ओळीपासून चार फुटांवर, दोन फूट खोल चर दर दोन वर्षांनी मारायचा. आडवी मुळं तुटतात, झाडाला काही होत नाही. आमच्या शेजारच्या तात्यांनी पहिल्या वर्षी चराची मजुरी माझ्याकडून वसूल केली. २०२१ चं पाणी उतरल्यावर त्यांच्या बाजूला जास्त पोयटा साचला होता, तेव्हा मात्र अर्धी परत मागायला मी विसरलो नाही. त्यांनी दिली नाही, वाळुंजाचे वीस फाटे नेले.